ती काय म्हणाली, ते मी ऐकले आहे

नायगावला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या चुलतभावाने चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले की आमच्या भाचीने शिक्षणाच्या तोऱ्यात आजारी बापाला ‘तुम्ही आईला नाही, परक्या बाईला अग्नी दिलात’ असे तोंडावर सुनावले, आणि तो धक्का घेऊनच तो गेला.

“तू तिथं होतास?” मी विचारले.

“सगळा मुलूख सांगून राहिलाय, दादा.”

“मुलूख त्या खोलीत नव्हता. मी होतो.”

“तुम्ही तिचीच बाजू घेणार. पोरीला त्या मुडद्यांच्या कामाला लावलं कुणी? तुम्हीच ना?”

वाढपी जिलबीची परात घेऊन आला आणि माझ्यापुढून तसाच पुढे गेला, कारण मी उठलो होतो. लग्नघरी भरल्या ताटावरून उठणे हा यजमानाचा अपमान असतो, हे मला कळते. तो मी जाणूनबुजून केला आणि त्याबद्दल मला खंत नाही. लातूरच्या एका विधी महाविद्यालयात मी उभे आयुष्य फौजदारी कायदा शिकवला. ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगण्यात माझा घसा गेला. आणि माझ्याच रक्ताच्या माणसांनी माझ्या भाचीवर ऐकीव गोष्टीवरून खुनाचा आळ घ्यावा, हे मी जिलबीबरोबर गिळावे अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणून जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितो. ज्यांना वेगळे सांगायचे असेल त्यांनी आधी आपण त्या वेळी कुठे उभे होतो, ते सांगावे.

माझी धाकटी बहीण औशाकडच्या एका गावात दिलेली होती. राखीला ती लातूरला येई. राखी बांधताना तिचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, हिरव्या गोंदणाचे तुळशीवृंदावन आणि त्याच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांच्या वेली. हे गोंदण तिने सासरी गेल्यावर पहिल्याच वर्षी करून घेतले होते. माहेरी ते नव्हते. मला तो हात इतका ओळखीचा होता की तिचा चेहरा आठवायला बसलो तरी आधी तो हातच आठवतो.

भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती विसर्जन होते. भाची तेव्हा सहावीत होती आणि मिरवणूक बघायला हट्टाने माझ्या घरी आली होती. ती वाचली ती एवढ्याच कारणाने. तिचा बाप, म्हणजे माझा मेहुणा, शेतात राखणीला झोपला होता, म्हणून तोही वाचला. घरात माझी बहीण होती, तिचे सासू-सासरे होते. माळवदाचे घर. दगड आणि मातीचा तो सगळा भार पहाटे त्यांच्यावर आला.

मी दुधाच्या टेम्पोतून, मग चालत, गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पाऊस सुरू झाला होता. सरण पेटून विझत आले होते. एकावर किती जण ठेवले होते ते कोणी मोजत नव्हते. लाकूड गावात दुसरे कुठून येणार? ज्या तुळया अंगावर पडल्या त्याच उपसून रचल्या होत्या, ओल्या होत्या, आणि त्यांवर रॉकेल ओतत होते. मेहुणा चिखलात उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “दादा, दिला अग्नी. हात बघितला अन् दिला.”

पुढे कोणा शहाण्या माणसाने व्याख्यानात सांगितले की गावकऱ्यांनी घाई केली. ओळख पटवून, नोंद करून मगच अंत्यसंस्कार व्हायला हवे होते. मी त्या सभेत उभा राहिलो होतो. मृत देह कुणाचा हे ठरल्याशिवाय पुढचा सगळा तपास हवेत राहतो, हे मी स्वतः शिकवत आलो होतो. मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण त्या पावसात, त्या वासात, जनावरे आणि माणसे एकाच ढिगाऱ्यात असताना, एक माणूस कांबळ्याबाहेर आलेला आपल्या बायकोचा हात ओळखतो आणि तिला उघड्यावर ठेवत नाही. याला घाई म्हणणाऱ्याने तसा एक दिवस काढून दाखवावा, असे मी म्हणालो. सभा बिघडली. बिघडू द्या.

मुलगी माझ्याकडे राहिली. शाळा लातूरला, सुट्टीत आणि नवमीला बापाकडे. बाप पुनर्वसनाच्या गावात एकटा राहू लागला. सरळ रेषेतल्या गल्ल्या आणि सारखी घरे. सुरुवातीला माणसे संध्याकाळी दुसऱ्याच्याच घरात शिरायची.

आता ज्या गोष्टीवरून पुढचे सगळे घडले ती सांगतो. आमच्याकडे पितृपंधरवड्यात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. त्या गावात भूकंपानंतर अशी ताटे घरोघर वाढली जात आणि जेवायला बसायला सवाष्णी उरल्या नव्हत्या. जगलेल्या बायकांना त्या एका दिवशी या घरून त्या घरी जावे लागे. दुसऱ्या घरी त्या घासभर खात आणि तिसऱ्या घरी नुसते बोट लावून उठत. भाची नववीत असताना त्यांच्या घरी शेजारची एक काकू सवाष्ण म्हणून आली. मुलीने तिला पाटावर बसवले, कुंकू लावले आणि हिरव्या बांगड्या भरायला तिचा हात हातात घेतला. डाव्या मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या वेली.

मुलगी म्हणाली, “काकू, हे माझ्या आईचं हाय.”

काकू हसली. “तुझ्या आईचं एकटीचं कशानं? जत्रंत गोंदणारीण बसली व्हती. त्या साली आलेल्या आम्ही सगळ्या सुनांनी एकसारखं काढून घेतलं. चौघी व्हतो. सासवा म्हणल्या, एका साली आल्या, एकीसारख्या दिसू द्या.”

चौघींपैकी दोघी भूकंपात गेल्या. एक माझी बहीण. दुसरी गावातल्या शिंप्याची बायको, आणि ती सापडलीच नाही. शिंप्याने तिला लातूर, उमरगा, सोलापूर, जिथे जखमी नेले होते तिथल्या सगळ्या दवाखान्यांत शोधले. तिच्या नावाने त्याने कधी ताट वाढले नाही, कारण ताट वाढायचे म्हणजे ती गेली असे आपणच म्हणायचे. नवमीला अख्ख्या गावात फक्त त्याची चूल थंड असे.

मुलीने लातूरला परत आल्यावर हे मला सांगितले, बापाला नाही. मी तिला म्हणालो, “तुझ्या अण्णांना यातलं काही कळू देऊ नको.” ती म्हणाली, “मी कशाला सांगू? पण मामा, ती कोण होती?” 

आता लोकांच्या दुसऱ्या बोलण्याकडे येतो, म्हणजे मी तिला डॉक्टर होऊ दिले नाही या आरोपाकडे. ती बारावीला आली तेव्हा लातूर दुसरेच गाव होऊन बसले होते. जुन्या डाळ मिलच्या गोदामात बाक टाकून क्लास चालत. खोली भाड्याने मागायला आलेला बाप आधी क्लास किती लांब आहे ते विचारी आणि मग पाणी येते का ते. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही कुठल्या क्लासचा कुठला पोरगा कितवा आला हे तोंडपाठ असे. अशा गावात विज्ञानाला असूनही डॉक्टर न होणे म्हणजे घरात काहीतरी आजारपण असल्यासारखे लोक बघत. भाचीला गुण असे पडले की वैद्यकीयला सहज प्रवेश मिळावा. क्लासने चौकात लावलेल्या फलकावर तिचा फोटो आला. त्या आठवड्यात ती मला म्हणाली, “मामा, तुम्ही पोरांना वर्षाच्या शेवटी काढून दाखवता तो रस्ता मला दाखवा की.”

तो रस्ता काय, ते सांगितले पाहिजे. माझ्या वर्गातल्या पोरांना दोनच गोष्टी ठाऊक असत: काळा कोट आणि फौजदाराची परीक्षा. शेवटच्या तासाला कोणी तरी विचारीच, “सर, फौजदारकीची बॅच कधी निघणार?” म्हणून दरवर्षी शेवटच्या तासाला मी पुस्तक मिटून फळ्यावर एक आडवा रस्ता काढत असे आणि त्यावर थांबे. गुन्हा घडतो तिथे पोलीस. पुढे प्रयोगशाळा. मग न्यायालय, तिथे सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, आणि वर न्यायाधीश, दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या. मग तुरुंग, तिथला अधिकारी. आणि अगदी शेवटी मी एक घर काढी. पोरे हसत. “सर, घरी कशाला जायचं? त्यासाठी कुठली परीक्षा?” मी सांगे की सुटलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवणारा परिविक्षा अधिकारी असतो, त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी चालते, माणूस गुन्हा का करतो हे शिकायचे तर गुन्हेशास्त्र घ्या, कायद्यातच मुरायचे तर पुढे एलएल.एम. करा आणि माझ्या जागेवर येऊन बसा. मराठवाड्यातल्या पोरांना वाटा नव्हत्या असे आता जे म्हणतात ते खोटे बोलतात. वाटा होत्या. त्या दाखवणाऱ्याच्या तासाला बसायला पोरांना वेळ नव्हता, ती क्लासला पळत असत.

रविवारी मी तिला कॉलेजात नेले. वर्ग रिकामा होता. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, मी म्हणालो पुढे ये, ती म्हणाली, “इथून सगळा रस्ता दिसतो.” मी पोरांना सांगतो तेच सगळे, एक शब्द कमी-जास्त न करता, तिला सांगितले.

“ओळख पटवायचं काम कुठल्या थांब्यावर?” तिने विचारले.

“दुसऱ्या. प्रयोगशाळेच्या.”

“त्याला कायदा शिकावा लागतो?”

“नाही. विज्ञानाची पदवी, मग न्यायसहायक विज्ञानाची पदव्युत्तर पदवी. फॉरेन्सिक म्हणतात ते. इथं जवळपास नाही, लांब जावं लागेल. डॉक्टर होऊनही त्या कामात जाता येतं, शवविच्छेदनाच्या बाजूनं. ती वाटही बघ.”

हे शेवटचे वाक्य मी बोललो होतो, हे मला मुद्दाम नमूद करायचे आहे.

ती फळ्याकडे बघत बसली. मग मी खडू ठेवला आणि तिला म्हणालो, “एक ऐकून घे. तुझ्या आईची राख तेरणेत सोडली. तू कितीही शिकलीस तरी त्यातून तुला काही मिळायचं नाही.”

“माझ्यासाठी न्हाई, मामा,” ती म्हणाली. “पुन्हा कुठं तसं झालं, तर तिथं कुणीतरी पाहिजे ना. नुसता हात बघून पेटवायला निघालेल्या माणसाला ‘अण्णा, जरा थांबा’ म्हणणारं.”

घरी माझी बायको चिडली. “कोर्टातली भुतं घरात आणलीत तुम्ही,” ती मला म्हणाली, आणि तिला म्हणाली, “डॉक्टर झाली असतीस तर जित्या माणसाला हात लावला असतास.” पोरीने पोळी लाटता लाटता उत्तर दिले, “मामी, जित्याला हात लावणारे लातुरात लई हायेत. रांगा लागल्यात.” मामीला हसू आले आणि हसल्यावर तिला रागावता येईना. मेहुण्याने एकच प्रश्न विचारला, “सरकारी हाय का ते?” ती म्हणाली, “हाय.” “मग शिक, माय.” पुढे ती परराज्यात शिकायला निघाली तेव्हा ट्रंक डोक्यावर घेऊन तो स्वतः तिला एसटी स्टँडवर पोचवायला आला होता. मी जबरदस्ती केली आणि बाप रडत होता, असे जे सांगतात ते त्या दिवशी स्टँडवर कुठल्या फलाटाला उभे होते?

विज्ञानाची पदवी तिने लातुरात घेतली. चौकातला तिचा फोटो मात्र बारावीनंतरच्याच पावसाळ्यात उतरला. वैद्यकीयला न गेलेली मुलगी क्लासला कशाला हवी. पुढे परराज्यातल्या विद्यापीठात ती पदव्युत्तर शिक्षणाला गेली. तिथून सुट्टीत आली की जेवताना दातांबद्दल आणि हाडांबद्दल बोले आणि मामी तिच्यापुढून आमटी उचलून नेई. तिला एका दूरच्या शहरात, सरकारी प्रयोगशाळेत, जागा मिळाली. त्याच क्लासच्या संचालकांनी मग एका सत्कार समारंभात ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून तिचे नाव घेतले आणि फोटो पुन्हा चौकात चढला. तिचे नाव घेण्याचा अधिकार तुम्हाला कुठून आला, असे मी व्यासपीठाखालून विचारले. मला खाली बसवण्यात आले.

तिच्या कामाचा एक नियम ती मला सांगत असे. पुरावा समोर ठेवून मत देताना तीनच उत्तरे असतात: तोच आहे, तो नाही, किंवा निश्चित मत देता येत नाही. नव्या मुलांना तिसरे उत्तर लिहायला सर्वांत जड जाते, असे ती म्हणे. समोर एखादी आई उभी असते, वरिष्ठ उभे असतात, सगळ्यांना पहिल्या दोहोंतले एक हवे असते. “मामा, तिसरं लिहिलं की सगळे तोंड फिरवतात. पण जिथं ते खरं असतं, तिथं तेच लिहावं लागतं.”

मेहुण्याची छाती भरली आणि तो अंथरुणाला खिळला तेव्हा पितृपंधरवडा लागलेला होता. भाची थोडी रजा काढून आली. नवमी दोन दिवसांवर होती. दुपारची वेळ, मी भिंतीला टेकून बसलो होतो, ती बापाच्या पायाशी, आणि खोलीत चौथे कोणी नव्हते. हे मी पुन्हा लिहितो: चौथे कोणी नव्हते.

मेहुणा म्हणाला, “माय, तू असली मेलेली माणसं ओळखतीस म्हणं.”

“हाव, अण्णा.”

“मग मला एक सांग. म्या पेटवली ती तुझी मायच व्हती ना?”

 तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, पाहिले असते तर मी मान हलवली असती, आणि ते तिला नको होते. ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही काय काय बघितलं ते सांगा. मी मधी बोलणार न्हाई.”

त्याने सांगितले. कांबळ्याबाहेर आलेला हात. गोंदण. फुटलेल्या बांगड्या. तोंड ओळखण्यासारखे उरले नव्हते, म्हणून त्याने कांबळे पुन्हा ओढून घेतले. ती थांबत थांबत विचारत होती. हात डावा का उजवा? डावा. पायात जोडवी होती का? पाय दगडाखाली होते, लोकांनी ओढून काढले तेव्हा त्याने दुसरीकडे तोंड केले होते. उंची? “आडवी बाई केवढी दिसती, माय?” लुगडे? “मातीच्या रंगाचं. सगळ्यांचंच मातीच्या रंगाचं व्हतं.”

मग तो थोडा वेळ श्वास घेत पडून राहिला आणि म्हणाला, “मला ठाऊक हाय. चौघींच्या हातावर एकच व्हतं. मला पुढल्याच साली कळलं. तुला कळू नये म्हणून तोंड बंद ठेवलं.”

“मलाबी ठाऊक होतं, अण्णा.”

“कवापासनं?”

“नववीपासनं.”

त्या दोघांनी इतकी वर्षे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती आणि नवमीला एकाच ताटाशी समोरासमोर बसून ती लपवली होती. मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेले. तिने ते पदराने पुसले.

“मग आता सांग,” तो म्हणाला.

“सांगता येत न्हाई, अण्णा.”

“हो म्हण की.”

“तसं म्हणता येत न्हाई.”

तो आढ्याकडे बघत राहिला. मग, रागाने मुळीच नाही, लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, “मग एवढं शिकून काय केलंस, माय?”

 ती त्याचे पाय चेपत राहिली. ‘परक्या बाईला’ हे शब्द त्या खोलीत उच्चारले गेले नाहीत. मी ऐकलेले हे एवढेच आहे, आणि याहून अधिक ऐकलेला माणूस अस्तित्वात नाही.

नातेवाईक म्हणतात, ‘हो’ म्हणायला तिचे काय जात होते? त्यांना मी विचारतो: चौघींचे गोंदण एक आहे हे ज्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्याला पोरीने ‘हो’ म्हटले असते तर काय कळले असते? मरताना पोरगी आपल्याशी खोटे बोलली, एवढेच. ती सुद्धा त्याला इतरांसारखी फसवते, एवढेच. मेहुण्याला मी चांगला ओळखत होतो. त्याने आयुष्यात कुणाकडून खोटा दिलासा घेतला नाही, भूकंपानंतर सांत्वनाला आलेल्या माणसांना तो उठून चहा करून द्यायचा आणि म्हणायचा, “प्या, अन् बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी ती गेली, नवमीच्या आदल्या दिवशी. ‘पळून गेली’ हा त्यांचा आणखी एक शब्द. तिला एका खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावणे होते. न्यायालयाचे समन्स काय असते हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी या विषयात तोंड उघडू नये. एसटीत बसताना ती मला म्हणाली, “मामा, अण्णांना सांभाळा. माझ्यावर रागावले असतील तर रागवू द्या, समजावू नका.”

नवमीला सकाळी मेहुण्याने मला शिंप्याला बोलवायला पाठवले. शिंपी आता म्हातारा झाला होता, चष्म्याला दोरा बांधलेला. तो दारातच उभा राहिला.

“बस,” मेहुणा म्हणाला. “पोरगी काय म्हणाली, कळलं का?”

“न्हाई.”

“सांगता येत न्हाई म्हणाली.”

शिंप्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे माझीबी असंल.”

“असंल. मला शिव्या दे, शिंप्या. म्या तुला इचारलं न्हाई.”

“शिव्या कशापायी?” शिंपी म्हणाला. “इतकी वर्सं माझ्या डोळ्यापुढं ती ढिगाऱ्याखालीच व्हती. उघड्यावर. रोज रात्री कुत्री हाकलायचो म्या झोपंत. तिला अग्नी मिळाला असंल असं आज पहिल्यांदा कुणी म्हणालं.”

त्या दिवशी तीच काकू सवाष्ण म्हणून जेवायला बसली. ताट एकच वाढले. मेहुण्याला बसवत नव्हते, मी त्याला मागून धरले होते. त्याने पाणी सोडताना दोन नावे घेतली. आधी शिंप्याच्या बायकोचे, मग माझ्या बहिणीचे. शिंपी जमिनीवर कपाळ टेकून तसाच पडून राहिला. काकू घास हातात घेऊन थांबली होती, तिला मेहुणा म्हणाला, “जेव, माय. आज पोटभर जेव. दुसऱ्या घरी जाऊ नको.”

याला धक्का म्हणतात का? दिवाळीआधी तो गेला तो छातीने गेला. डॉक्टरांनी आम्हाला दसऱ्यालाच सांगून ठेवले होते.

भाची आली. तिनेच अग्नी दिला. स्मशानातून परतताना, वाटेवर, ज्या चुलतभावाने पुढे जिलबीच्या पंगतीत तोंड उघडले, त्यानेच तिला सर्वांदेखत म्हटले, “तूच मारलंस बापाला. एक ‘हो’ म्हणता आलं न्हाई तुला?” मी मागे होतो, वयाने चाल मंद झालेली, मी पोचेपर्यंत ती पुढे निघून गेली होती.  दहावा-तेरावा होईपर्यंत ती राहिली आणि मग गेली. नवमीचे मी तिला त्या गर्दीत सांगू शकलो नाही. ते फोनवर सांगितले.

सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “ताट एकच होतं?”

“एकच.”

“नाव आधी कुणाचं घेतलं?”

“शिंप्याच्या बायकोचं.”

“तुम्ही स्वतः ऐकलंत, मामा?”

“मीच त्याला धरून बसलो होतो.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “म्हणजे अण्णांनी माझं ऐकलं.” मी म्हणालो, “एकदा ये लातूरला. मामी वाट बघते.” ती म्हणाली, “बघते.”

त्यानंतर ती आलेली नाही. लातूरच्या स्टँडवरून त्या गावाला जाणारी गाडी तिला बघवत नाही, असे माझी बायको म्हणते. ते काम आणि ती माणसे हेच तिचे घर झाले, असे दुसरे कोणी म्हणते. आमच्यावर तिचा राग आहे असेही म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्यांशी मी बोलणे सोडले आहे.

शिंपी मात्र दरवर्षी ताट वाढतो. यंदा मी गेलो होतो. त्याने दोन्ही नावे घेतली, त्याच क्रमाने. काकू जेवून उठली, हात धुतला, आणि पदराला पुसता पुसता मला म्हणाली, “पोरगी यंदाबी आली न्हाई का?”

“कामात आहे,” मी म्हणालो.

हे मात्र मी पाहिलेले नव्हते.